गावच्या कर्मशाळेसाठी ड्रिल यंत्राची निवड

लाकडी अवजार पाचरीवर उभे असते, तर लोखंडी अवजार बोल्टावर. नांगराचे रुमणे ढिले झाले तर गावचा सुतार नवी पाचर ठोकून ते घट्ट करून देई आणि शेतकरी तासाभरात पुन्हा शेतात जाई. इसवी सन १९०३ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर तयार केला आणि महाराष्ट्राच्या शेतीत बोल्टाचे युग सुरू झाले. फाळ झिजला की बोल्ट काढावा, नवा फाळ बसवावा व बोल्ट आवळावा, इतके ते काम सोपे झाले. पुढे पॉवर टिलर, रोटाव्हेटर, भाताचे मळणी यंत्र, फवारणी पंप आणि ट्रॉली ही साधने खेड्यापाड्यांत पोहोचली. ह्या प्रत्येक साधनात डझनावारी बोल्ट असतात आणि जेथे बोल्ट येतो तेथे छिद्र येतेच. पाचर ठोकण्यास हातोडी पुरते. परंतु लोखंडात सरळ, गोल आणि योग्य मापाचे छिद्र पाडण्यास ड्रिल यंत्र लागते.

कल्याण-कर्जत लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे लागोपाठ वसलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लष्करी छावणीच्या जागी, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथ येथे १९५३ मध्ये मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी सुरू झाली. यंत्रे घडविणाऱ्या यंत्रांचे नमुने तयार करणे हा तिच्या स्थापनेमागील हेतू होता. २०२१ पासून हा कारखाना आर्मर्ड व्हेईकल्स निगम ह्या सरकारी कंपनीचा भाग आहे. अंबरनाथ व बदलापूर येथे औद्योगिक वसाहती आहेत आणि तेथील लहानमोठ्या कारखान्यांत दिवसभर लोखंड कापले, तासले व भोकले जाते. ह्याच शहरांच्या पाठीमागे, मलंगगडाच्या पायथ्यापासून वांगणीपर्यंत, भातशेती करणारी गावे आहेत. त्या गावांतील कित्येक तरुण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकून कारखान्यांत कामास जातात. कौशल्य गावात मुक्कामाला असते, पण ते वापरण्याचे साधन मात्र गावात नसते. ही उणीव भरून काढू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यांस व गावपातळीवरील कार्यकर्त्यांस ड्रिल यंत्र निवडताना उपयोगी पडावी, अशी माहिती पुढे दिली आहे.

जाळून पाडलेले छिद्र

यंत्र हाताशी नसले म्हणजे काय होते, हे आधी पाहणे योग्य ठरेल. भाताची लावणी, जिला ह्या भागात आवणी असेही म्हणतात, ती जून-जुलैच्या मोजक्या दिवसांत उरकावी लागते. चिखलणी चालू असताना टिलरच्या पात्याचा बोल्ट तुटतो आणि छिद्र लंबगोल होते. पाऊस थांबत नाही, रोपे वाफ्यात वाढत असतात आणि मजूर बांधावर बसून असतात. अशा वेळी शेतकरी तो भाग उचलून जवळच्या वेल्डिंगच्या दुकानात नेतो व तेथे वेल्डिंगच्या कांडीने किंवा गॅसच्या ज्योतीने जाळून छिद्र पाडून घेतो. काम पाच मिनिटांत होते, म्हणून ते स्वस्त वाटते.

परंतु असे छिद्र गोल नसते. त्याचे काठ खडबडीत राहतात. शिवाय पाते, फाळ किंवा पास ह्यांसारख्या कठीण पोलादात ज्योतीच्या उष्णतेने छिद्राभोवतालच्या धातूचा मूळ गुण बिघडतो. कोठे तो ठिसूळ होतो, तर कोठे मऊ पडतो. बोल्ट छिद्रात सर्व बाजूंनी न टेकता एकदोन ठिकाणीच टेकतो, कामाच्या हादऱ्यांनी तो हलू लागतो, छिद्र आणखी मोठे होते आणि अखेर बोल्ट पुन्हा तुटतो. वेगाने फिरणाऱ्या भागाचा बोल्ट तुटल्यास पाते उडून माणसास किंवा जनावरास गंभीर इजा होऊ शकते. एका चांगल्या छिद्राची किंमत ही अशी आहे. ते वेळेवर मिळाले तर हंगाम वाचतो आणि नीट पाडलेले असले तर हातपाय वाचतात.

यंत्राची ओळख

लाकडास छिद्र पाडण्यासाठी आपले सुतार पूर्वीपासून सामता आणि गिरमिट वापरीत आले आहेत. लोहार तापलेल्या लोखंडात सुंबा ठोकून भोक पाडीत असे. आज वापरात असलेल्या पिळाच्या बिटाचे पेटंट अमेरिकेतील स्टीफन मोर्स यांनी १८६३ मध्ये घेतले. बिटाच्या अंगावरील पिळामुळे कापलेला कीस आपोआप वर येतो आणि छिद्र तुंबत नाही. मोर्स यांचेच नाव आज यंत्राच्या निमुळत्या खाचेला आहे. ‘मोर्स टेपर’ ह्या शब्दाचा उल्लेख पुढे येईल.

स्थिर ड्रिल यंत्राचे मुख्य भाग थोडे आहेत. खाली ओतीव लोखंडाची बैठक, तीवर उभा खांब, खांबावर वरखाली सरकणारे टेबल, वरच्या टोकास डोके, डोक्याच्या मागे मोटर आणि पुढे उभा फिरणारा दांडा, म्हणजे स्पिंडल. स्पिंडलच्या खालच्या टोकास बिट पकडणारा चक असतो. मोटरीचे फिरणे पट्ट्याने स्पिंडलपर्यंत पोहोचते आणि बाजूचा दांडा ओढला की स्पिंडल खाली उतरतो. जे यंत्र बाकावर ठेवतात त्यास बेंच ड्रिल म्हणतात आणि जे जमिनीवर उभे राहते त्यास पिलर ड्रिल म्हणतात. ह्या दोन्ही प्रकारांत कामाचे तत्त्व एकच आहे.

हातात धरावयाचे विजेचे ड्रिल पुष्कळांच्या घरी असते. भिंतीस किंवा लाकडास ते ठीक आहे. परंतु दहा-बारा मि.मी. जाडीच्या पट्टीत हाताने सरळ छिद्र पाडणे कठीण जाते व बिट अडकल्यास मनगटास हिसका बसतो. हातड्रिलासाठी मिळणारे उभे स्टँड हे तात्पुरते साधन समजावे; त्याने स्थिर यंत्राची उणीव भरून निघत नाही.

पहिला प्रश्न : छिद्र केवढे?

दुकानात गेल्यावर बहुतेक ग्राहक मोटरीची अश्वशक्ती विचारतात. वास्तविक पहिला प्रश्न असा हवा की, आपणास नेहमी लागणारे सर्वांत मोठे छिद्र किती मि.मी.चे आहे? ड्रिल यंत्राची क्षमता आपल्याकडे ह्याच मापाने सांगितली जाते. १३ मि.मी., २० मि.मी. आणि २५ मि.मी. क्षमतेची यंत्रे सामान्यतः मिळतात. हे माप मऊ पोलादातील छिद्राचे असते, ही गोष्ट विक्रेत्याकडून स्पष्ट करून घ्यावी.

आपली गरज ठरविण्याचा सोपा मार्ग असा. गावातील टिलर, नांगर, मळणी यंत्र व ट्रॉली ह्यांचे बोल्ट पाने लावून पाहावेत आणि त्यांची यादी करावी. शेतीच्या साधनांत ८, १०, १२ आणि १६ मि.मी. व्यासाचे बोल्ट वारंवार आढळतात. बोल्ट सहज आत जावा म्हणून छिद्र बोल्टापेक्षा एक ते दीड मि.मी. मोठे ठेवतात. म्हणजे १० मि.मी. बोल्टास सुमारे ११ मि.मी., १२ मि.मी. बोल्टास सुमारे १३ मि.मी. आणि १६ मि.मी. बोल्टास १७ ते १७.५ मि.मी. छिद्र लागते.

ह्यावरून निर्णय आपोआप स्पष्ट होतो. पत्रा, लाकूड, गोठ्याचे फाटक, पाण्याच्या नळाचे क्लँप आणि लहान बोल्ट एवढेच काम असेल, तर १३ मि.मी.चे बेंच ड्रिल घरगुती कर्मशाळेस पुरते. परंतु नांगर, टिलर आणि ट्रॉली ह्यांची दुरुस्ती करावयाची असल्यास १२ मि.मी.च्या बोल्टालाच ते यंत्र आपल्या शेवटच्या मर्यादेवर पोहोचते आणि १६ मि.मी.च्या बोल्टास ते उपयोगी पडत नाही. जे यंत्र सतत मर्यादेवर चालते ते लवकर झिजते. म्हणून गावच्या कामासाठी २० मि.मी. क्षमतेचे यंत्र योग्य समजावे. २५ मि.मी.च्या यंत्राची गरज मोठ्या फॅब्रिकेशनच्या कामाखेरीज क्वचितच पडते.

येथे एका सापळ्याविषयी सावध राहिले पाहिजे. १६ किंवा २० मि.मी.चे परंतु शेपूट १३ मि.मी.ची असलेले बिट बाजारात मिळते. ते लहान यंत्राच्या चकात बसते, म्हणून लहान यंत्रानेही मोठे छिद्र पडेल असे वाटते. परंतु यंत्राचा वेग त्या मापास फार जास्त आणि जोर फार कमी असतो. परिणामी बिट चकात घसरते, त्याची धार जळते आणि काम अर्धवट राहते. मोठ्या बिटाची शेपूट निमुळती असावी आणि ती स्पिंडलच्या मोर्स टेपर खाचेत थेट बसावी, हे उत्तम. अशी खाच असलेले यंत्र घेतल्यास लहान बिटांसाठी त्याच खाचेत चकही बसविता येतो.

दुसरा प्रश्न : कमीत कमी वेग किती?

जाहिरातीत बहुधा जास्तीत जास्त वेग ठळक अक्षरांत छापलेला असतो. लोखंडाचे काम करणाऱ्याने मात्र सर्वांत कमी वेग विचारावा. बिट जितके मोठे तितका त्याचा काठ एका फेऱ्यात अधिक अंतर तोडतो. म्हणून मोठ्या बिटास सावकाश फिरविले पाहिजे. नाहीतर धार तापून निळी पडते व बिट निकामी होते.

हिशेबासाठी एक सोपा आडाखा आहे. हायस्पीड पोलादाच्या बिटाने मऊ पोलाद भोकताना, ८००० ह्या संख्येस बिटाच्या मि.मी.तील मापाने भागावे. जे उत्तर येईल तितके फेरे दर मिनिटास असावेत. त्याप्रमाणे ६ मि.मी.स सुमारे १३००, १० मि.मी.स ८००, १३ मि.मी.स ६००, २० मि.मी.स ४०० आणि २५ मि.मी.स ३२० फेरे येतात. फाळ, पास किंवा पाते ह्यांसारख्या कठीण पोलादास ह्याच्या निम्मा वेग ठेवावा. लाकडास ह्याच्या दुपटीहून अधिक वेग चालतो.

सामान्य मोटर मिनिटास सुमारे १४४० फेरे फिरते. मोटरीवर लहान पुली व स्पिंडलवर तिच्या तिप्पट मोठी पुली असली, तर स्पिंडल ४८० फेरे फिरेल. ह्याहून वेग कमी करावयाचा तर मध्ये तिसरी पुली किंवा दातेरी चक्रे असावी लागतात. म्हणून २० मि.मी.चे यंत्र म्हणून दाखविलेल्या यंत्राचा सर्वांत कमी वेग ६०० किंवा ७०० असल्यास, त्याच्या अंगावर लिहिलेली क्षमता नावापुरती आहे असे समजावे. असा वेग ४०० च्या आत आणि शक्य तर ३०० च्या जवळ असावा. एवढे जमले म्हणजे अर्धा ते एक अश्वशक्तीची मोटर गावच्या कामास पुरेशी होते.

तिसरा प्रश्न : खांब जाड आहे काय?

बिट लोखंडावर दाबले की यंत्राचे डोके वर उचलले जाऊ पाहते आणि खांब वाकू पाहतो. खांब बारीक व टेबल पातळ असले तर छिद्र तिरपे पडते आणि बिट पलीकडे निघताना हिसका देऊन अडकते. म्हणून रंगापेक्षा वजन पाहावे. ओतीव लोखंडाची जाड बैठक, रुंद खांब आणि खालून फासळ्या दिलेले टेबल ही बळकटीची लक्षणे होत.

खांबाच्या पुढच्या कडेपासून स्पिंडलच्या मध्यापर्यंतचे अंतरही टेपने मोजावे. हे अंतर १५० मि.मी. असेल तर ३०० मि.मी. रुंदीच्या पत्र्याच्या मध्यभागापर्यंत पोहोचता येते. टेबल बाजूस फिरवून लांब वस्तू बैठकीवर उभी करता येते किंवा नाही, हेही पाहावे. कारण नांगराची दांडी किंवा ट्रॉलीचा कोन टेबलावर मावत नाही.

पैसे देण्यापूर्वी परीक्षा

यंत्र कोणत्या गावचे किंवा कोणत्या नावाचे आहे, एवढ्यावर विसंबू नये. राजकोट, लुधियाना, बटाला ह्या ठिकाणी लहान ड्रिल यंत्रे बनविणारे अनेक कारखाने आहेत आणि त्यांत उत्तम व सामान्य असे दोन्ही प्रकारचे काम होते. पुढील परीक्षा दुकानातच कराव्यात. त्यांस अर्धा तास पुरतो.

१. स्पिंडल पूर्ण खाली ओढून चक हाताने पुढेमागे व बाजूस हलवून पाहावा. हातास खडखड जाणवली तर बेअरिंग ढिले आहे.

२. चकात सरळ व गुळगुळीत गज पकडून सर्वांत कमी वेगावर फिरवावा. गजाचे खालचे टोक जागच्या जागी फिरावे. ते डोलताना दिसले तर चक किंवा स्पिंडल वाकडा आहे. गज सरळ असल्याची खात्री आधी करावी.

३. चकात वाकविलेली जाड तार पकडावी व तिचे टोक टेबलास जेमतेम टेकवावे. वीज बंद ठेवून स्पिंडल हाताने फिरवावा. तारेचे टोक चारही बाजूंस सारखेच टेकले तर टेबल स्पिंडलशी काटकोनात आहे. एका बाजूस फट पडली तर टेबल जुळवून पुन्हा पाहावे. तरीही फट राहिल्यास यंत्र घेऊ नये.

४. पट्टा एका पुलीवरून दुसरीवर बदलून पाहावा. हे काम कठीण असले तर कारागीर वेग बदलण्याचा कंटाळा करतो आणि सर्व बिटे एकाच वेगावर जाळतो.

५. आपले स्वतःचे नवे १० मि.मी. बिट आणि १२ मि.मी. जाड पट्टी बरोबर न्यावी व प्रत्यक्ष छिद्र पाडावे. मोटर दबू नये, डोके उचलू नये आणि कीस अखंड वळ्यांच्या रूपाने बाहेर यावा. नंतर त्या छिद्रात गज उभा करून तो सरळ आहे की तिरपा, हे गुण्याने तपासावे.

६. पट्टे, बेअरिंग आणि चक ह्यांची मापे सर्वसाधारण बाजारात मिळणारी आहेत काय, हे विचारावे. ज्या भागासाठी दूरच्या शहरी जावे लागते, तो भाग नेमका हंगामातच मोडतो असे धरून चालावे.

किंमत विचारताना केवळ यंत्राची विचारू नये. पकडीचा वाइस, क्लँप, बिटांचा संच, स्टार्टर, तारजोडणी आणि वाहतूक ह्यांची बेरीज करून निरनिराळ्या दुकानांच्या लेखी दरांशी तुलना करावी. वाइस घेण्यात काटकसर करू नये. त्यावाचून यंत्र अपुरे आणि धोक्याचे राहते.

जुने यंत्र घ्यावे काय?

औद्योगिक वसाहतीत एखाद्या कारखान्याने नवी सामग्री आणली किंवा काम बंद केले म्हणजे जुनी यंत्रे विक्रीस निघतात. जुने, जड आणि नीट वापरलेले यंत्र नव्या हलक्या यंत्रापेक्षा पुष्कळदा अधिक टिकते. बैठक, खांब व डोके ह्यांत तडा किंवा वेल्डिंगची खूण नसावी. टेबलावर चुकून पाडलेल्या छिद्रांचे वण असतील तर त्याने काम अडत नाही, परंतु पूर्वीच्या कारागिराची सवय त्यावरून कळते. पट्टा, चक आणि बेअरिंग बदलता येतात. मात्र मोर्स टेपर खाच आतून घासलेली व ओरखडलेली असल्यास बिट घट्ट बसत नाही व तो दोष सहजासहजी निघत नाही. कारखान्यातील मोटर तीन फेजची असते, हेही लक्षात ठेवावे. गावात एकच फेज असल्यास मोटर बदलण्याचा खर्च हिशेबात धरला पाहिजे. कारखान्यात काम केलेला गावातील अनुभवी माणूस अशा खरेदीस बरोबर न्यावा.

वीज आणि जागा

एक अश्वशक्तीपर्यंतची मोटर २३० व्होल्टच्या एका फेजवर चालते. शेतीपंपाच्या जोडणीवरून कर्मशाळेचे यंत्र मात्र चालवू नये. ज्या कारणासाठी वीज मंजूर झाली त्याखेरीज अन्य कामास ती वापरणे हा वीज कायदा २००३ नुसार अनधिकृत वापर ठरतो. योग्य जोडणी घ्यावी आणि अर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्यावे.

खेड्यात वीज जाते आणि सूचना न देता येते. साधे बटण असलेले यंत्र वीज गेल्यावर थांबते. कारागीर बिटाशी हात लावून पाहू लागतो आणि वीज येताच यंत्र आपोआप सुरू होते. ह्यात बोटे जाण्याचा संभव असतो. म्हणून, वीज गेल्यावर आपोआप तुटणारा आणि हिरवे बटण पुन्हा दाबल्यावाचून सुरू न होणारा स्टार्टर बसविणे आवश्यक आहे. नव्या यंत्रावर तो नसल्यास निराळा घेऊन बसवावा.

कोकणातील पावसात उघडे लोखंड काही दिवसांतच गंजते. काम संपल्यावर टेबल, खांब आणि चक पुसून त्यांवर तेलाचा हात फिरवावा. यंत्र प्लॅस्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळू नये. आत ओल धरते. सुती कापडाचे आच्छादन बरे. नदीकाठच्या गावांनी जागेचा विशेष विचार करावा. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत आणि पुन्हा २७ जुलै २०१९ रोजी, जेव्हा बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली, तेव्हा उल्हास नदीचे पाणी कोठवर येते हे सर्वांनी पाहिले आहे. ती खूण लक्षात घेऊन जोते उंच बांधावे व विजेचा बोर्ड त्याहूनही वर लावावा. यंत्र बैठकीच्या छिद्रांतून काँक्रीटच्या पायास किंवा जड बाकास बोल्टांनी पक्के करावे.

काम करताना घ्यावयाची काळजी

छिद्राची जागा सेंटर पंचाने खुणवावी, म्हणजे बिट घसरत नाही. १० मि.मी.हून मोठ्या छिद्रासाठी आधी लहान छिद्र पाडावे. पोलादास कटिंग तेल किंवा तेलपाण्याचे मिश्रण द्यावे. ओतीव लोखंड मात्र कोरडेच भोकावे. बिट पलीकडे निघू लागले की दाब कमी करावा. बोथट बिटावर जोर करण्यापेक्षा त्यास धार लावावी आणि त्याचे दोन्ही ओठ सारख्या लांबीचे ठेवावेत. ते कमीजास्त झाले तर छिद्र मोठे पडते.

ह्या यंत्रावरील अपघात बहुधा तीन कारणांनी होतात. पहिले, वस्तू हाताने धरणे. बिट अडकताच पत्रा किंवा पट्टी गरगर फिरून हात कापते. म्हणून लहानात लहान तुकडाही वाइसमध्ये किंवा क्लँपने पकडावा. दुसरे, सैल कपडे. धोतराचा सोगा, साडीचा पदर, मफलर, मोकळे केस आणि हातमोजेदेखील फिरत्या स्पिंडलात गुंडाळले जातात. हातमोजे संरक्षण देतात ही समजूत ह्या यंत्रापुरती चुकीची आहे. तिसरे, चकाची चावी चकातच विसरणे. यंत्र सुरू होताच ती गोळीसारखी उडते. चावी फिरवून झाली की हातातून न सोडता जागेवर टांगावी. डोळ्यांवर चष्मा असावा आणि कीस हाताने न काढता ब्रशाने काढावा.

एकट्याने की मिळून?

लहान शेतकऱ्याच्या घरी २० मि.मी.चे यंत्र वर्षातून थोडे तासच चालेल. त्यात अडकलेले भांडवल बियाणे व खत ह्यांस उपयोगी पडले असते. उलट, पाचदहा कुटुंबांचा शेतकरी गट, बचत गट किंवा सेवा सहकारी सोसायटी ह्यांनी एक यंत्र घेतल्यास प्रत्येकावरील भार हलका होतो आणि यंत्र रिकामे बसत नाही. कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानातून २०१४-१५ पासून भाडेतत्त्वावरील अवजार केंद्रांस उत्तेजन देण्यात आले. ज्या गावात असे केंद्र आहे तेथे अवजारांच्या शेजारीच त्यांच्या दुरुस्तीची सोय असणे स्वाभाविक आहे. त्याचप्रमाणे, सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत लोहार व सुतार ह्यांसह १८ पारंपरिक व्यवसाय धरण्यात आले आणि प्रशिक्षण, अवजारसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंत साह्य व तारणाशिवाय कर्ज अशी तरतूद करण्यात आली. अर्ज करण्यापूर्वी चालू नियम तालुका कृषी कार्यालयात व ग्रामपंचायतीत विचारून घ्यावेत.

मात्र यंत्र सर्वांचे म्हणजे कोणाचेच नाही, अशी गत होऊ देऊ नये. एक शिकलेला माणूस यंत्राचा जबाबदार म्हणून नेमावा. तो औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचे काम शिकलेला तरुण असू शकेल किंवा गावचा लोहार असू शकेल. छिद्रामागे ठराविक आकार घ्यावा, त्याची नोंदवही ठेवावी आणि त्या रकमेतून बिटे, पट्टे व तेल आणावे. अशिक्षित हातास व लहान मुलांस यंत्राजवळ जाऊ देऊ नये.

मृगापूर्वीची तयारी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी उन्हाळ्यातच दोन याद्या कराव्यात. पहिली यादी गावातील साधनांच्या बोल्टांची व दुसरी यादी कारखान्यात काम जाणणाऱ्या माणसांची. पहिली यादी यंत्र केवढे घ्यावे हे सांगेल आणि दुसरी यादी ते कोणाच्या हाती द्यावे हे सांगेल. मग दुकानात जाऊन छिद्राचे माप, सर्वांत कमी वेग आणि खांबाची बळकटी ह्या तीन गोष्टी ह्याच क्रमाने पाहाव्यात. मोटर, रंग आणि नाव ह्यांचा विचार त्यानंतर करावा. मे महिन्यात टिलर व नांगर उघडून लंबगोल झालेली व जाळून पाडलेली छिद्रे शोधावीत. जेथे जागा असेल तेथे ती एक माप मोठी व गोल करून त्यांत जाड बोल्ट बसवावेत; जेथे धातू बिघडला असेल तेथे तो भागच बदलावा. एवढे झाले म्हणजे आवणीच्या भर पावसात एका बोल्टासाठी टिलर बांधावर उभा राहणार नाही.